रामरामापुरती मोटार

मोटार बाळगणे आणि मोटारीचा शौक बाळगणे या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नाही, हे आमच्या वाशीम जिल्ह्यात सर्वमान्य आहे. ज्याच्या दारात नवी कोरी गाडी उभी आहे तो गृहस्थ बहुधा हप्त्यांच्या विवंचनेत असतो आणि त्याला गाडीविषयी मत बनविण्यास सवड नसते; उलट ज्याच्या नावावर परिवहन कार्यालयाच्या दप्तरी एका जुन्या मारुतीपलीकडे काहीही दाखल नाही असा माझ्यासारखा इसम, पुसद नाक्यावर चहाचा कप हाती धरून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या इंजिनापासून त्याच्या मालकाच्या ऐपतीपर्यंत सर्व बाबींवर निवाडा देण्यास सदैव मोकळा असतो. हे निवाडे तोंडी असतात, त्यांची नक्कल मिळत नाही, आणि त्यांवर अपील चालत नाही.

इंग्रजी अमलात ‘बासिम’ या नावाने आमचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यास जोडण्यात आला, आणि त्यानंतर नव्वदांहून अधिक वर्षे जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठी अकोल्याची वाट तुडविल्यावर १ जुलै १९९८ रोजी तो आम्हांस परत मिळाला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, हे आम्ही परगावच्या पाहुण्यांस आवर्जून सांगतो; परंतु मोटारींच्या पाट्यांवर ‘एमएच-३७’ ही अक्षरे उमटू लागली तेव्हा जो अभिमान वाटला तो वाकाटकांनी कधी दिला नव्हता. ज्यांच्या जुन्या गाड्यांवर अकोल्याचा तीस क्रमांक तसाच राहिला ते आजही नव्या मंडळींकडे काहीशा सेवाज्येष्ठतेने पाहतात, आणि पुण्याच्या बारा क्रमांकाची गाडी नाक्यावर येऊन रिसोडची वाट विचारू लागली की तीस आणि सदतीस हे दोन्ही पक्ष आपसांतले वैर विसरून, तिला एकमताने आणि अतिशय सविस्तर वाट सांगतात.

मोटारीचे प्रयोजन प्रवास, असे शाळेच्या निबंधात लिहिले तर गुण मिळतात. नाक्यावर ते मान्य होणार नाही. पायी चालणाऱ्या माणसाला दुसऱ्यास रामराम घालावा लागतो आणि मोटारीत बसलेल्या माणसाला दुसरे रामराम घालतात, एवढ्या एका फरकासाठी आमच्याकडील मनुष्य बापजाद्यांच्या शेतावर बोजा चढवून गाडी घेतो. ती किती वेगाने पळते हा प्रश्न गौण. ती पाटणी चौकातून जाताना किती माना वळतात हा मुख्य. मोटारींच्या जगात गेल्या काही वर्षांत जी जी नवी टूम निघाली ती सर्व मी या एका कसोटीवर घासून पाहिली आहे, आणि माझ्या मते कारखानदारांनीही, प्रसिद्धीपत्रकात काहीही छापले तरी, मनातून हीच कसोटी धरलेली आहे.

पूर्वी मत असण्याची सोयच नव्हती. साहेबासाठी अ‍ॅम्बेसेडर, डॉक्टर आणि वकील यांच्यासाठी फियाट, आणि तहसील, पाटबंधारे व कापसाचे व्यापारी यांच्यासाठी जीप, अशी वर्णव्यवस्था ठरलेली होती, आणि तीत कोणी ढवळाढवळ करीत नसे. अ‍ॅम्बेसेडर ही मुळात विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ साली ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात भारतीय नागरिक झाली आणि २०१४ पर्यंत तिने देहयष्टीत म्हणण्यासारखा बदल न करता सरकारी नोकरी केली. गाडी थांबण्याआधीच तिच्या टपावरचा लाल दिवा पाहून चावडीवरील माणसे उठून उभी राहत, म्हणजे रामरामाची वसुली आगाऊ होत असे. तो दिवा १ मे २०१७ पासून बंद झाला, आणि तेव्हापासून साहेब ओळखावा कसा ही अडचण ग्रामीण जनतेपुढे उभी राहिली ती अद्याप सुटलेली नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली, तो दिवस माझ्या हिशेबी मताधिकाराचाच होता. कारण दोन वस्तूंतून एक निवडावयाची वेळ आल्याखेरीज माणसाला मत फुटत नाही.

परंतु जिल्ह्याच्या खऱ्या दळणवळणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास साहेबांच्या गाड्या बाजूला ठेवून काळी-पिवळीला पहिले पान द्यावे लागेल. ही महिंद्राची जीप असो की ट्रॅक्स असो, तिच्या नोंदणीपुस्तकात आसनसंख्येचा जो आकडा लिहिलेला असे तो केवळ प्रस्तावनेदाखल होता. पुढच्या बाकावर चालक धरून चौघे. त्यांपैकी एकजण चालकाच्या उजव्या बाजूस, दाराशी, त्यामुळे चालक स्वतः मध्याकडे सरकलेला आणि सुकाणू किंचित तिरपे धरलेला. गिअरची दांडी मधल्या प्रवाशाच्या दोन गुडघ्यांमध्ये येई. गिअर पडण्याच्या वेळी त्याने कधी उजवा आणि कधी डावा गुडघा बाजूला घ्यावयाचा असे, आणि नेहमीचे प्रवासी हे चालकाने न सांगता, इंजिनाचा आवाज ऐकूनच, बोलणे न थांबविता करीत. मागील समोरासमोरच्या बाकांवर किती माणसे होती हे उतरल्यावरच समजे. पायदानावर उभा असलेला पोऱ्या “रिसोड-रिसोड-रिसोड” असा घोष करीत असतानाच आत मान घालून सांगे, “सरका भाऊ जरासे, येकच बाई हाये.” कोणी जागा नसल्याची तक्रार केलीच तर त्यावर त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर तयार असे: “गाडी चालली का जागा आपोआप व्हते ना काकाजी!” आणि ती होत असे. पहिल्या खड्ड्यानंतर सर्व प्रवासी आपापल्या ठिकाणी असे काही जिरत की आणखी एकाची सोय सहज निघे. आज मोटारकंपन्या आपल्या जाहिरातींत ‘प्रशस्त अंतर्भाग’ म्हणून जे काही सांगतात ते वाचताना मला त्या पोऱ्याची आठवण येते. जागा ही इंच-फुटांत मोजण्याची बाब नसून ती माणसांच्या सोशीकपणात असते, हे त्याने केव्हाच ओळखले होते.

आता लांबीचा विषय निघालाच आहे तर सरकारच्या कात्रीबद्दल लिहिले पाहिजे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने अशी तजवीज केली की जी मोटार चार मीटरांपेक्षा लांब नाही, आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरांपलीकडे जात नाही, ती लहान समजून तिजवर कर कमी घ्यावा. हेतू उदात्त होता. गरिबाला लहान गाडी परवडावी आणि रस्त्यावर गर्दी कमी व्हावी. परंतु आपल्या देशात कायदा निघाला की प्रथम त्याची पळवाट निघते आणि मग त्याचा अर्थ. कारखानदारांनी मोजपट्टी घेतली आणि चांगल्या लांबलचक गाड्यांच्या शेपट्या छाटण्यास प्रारंभ केला. इंडिगो छाटली, पुढे २०१२ साली डिझायर छाटली. पुढून पाहावे तर खानदानी घराण्यातली आणि मागून पाहावे तर अंगरख्याचे कापड ऐनवेळी कमी पडलेले, अशा अवस्थेत त्या गाड्या लग्नसराईत उभ्या राहू लागल्या. डिकीत वधूची पेटी मावली तर रुखवत मावेना.

तरीही छाटलेल्या गाडीला रामराम कमी पडतो हे कारखानदारांच्या पुढे ध्यानात आले, आणि त्यांनी असा एक अपूर्व विचार केला की सरकारने कर लांबीवर बसविला आहे, रुबाबावर बसविलेला नाही. मग लांबी चार मीटरांच्या आत ठेवून गाडी उंचीने वाढू लागली. बॉनेट छातीपर्यंत आले. चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची कड आली. समोरची जाळी एवढी मोठी झाली की गाडी समोरच्यावर डाफरते आहे असे वाटावे. आणि टपावर चांदीच्या रंगाचे दोन कठडे आले, ज्यांना बांधण्याचे सामान घरात कोणाकडेही नाही. जुन्या जीपच्या टपावरील लोखंडी कॅरिअरवर हळदीची पोती, लग्नाचा पलंग आणि प्रसंगी दोन माणसे जात. या नव्या कठड्यांना साधा दोर बांधण्याची गोष्ट काढली तर मालकाचा चेहरा उतरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, लहान गाडीवर अठरा टक्के आणि मोठीवर चाळीस टक्के असा निकाल लागला, आणि त्या दसऱ्याला आमच्याकडे ज्यांनी गाडी घेतली त्या सर्वांनी कायद्याने लहान आणि दिसण्यात मोठी गाडी घेतली. दिल्लीच्या दप्तरात ती लहान म्हणून लिहिलेली आहे हे नाक्यावर कोणीही काढीत नाही. हा शिष्टाचाराचा भाग आहे.

याच मालिकेतले दुसरे प्रकरण म्हणजे छतास पाडलेले भोक. ज्या देशांत वर्षाचे आठ महिने सूर्य दिसत नाही, तेथील लोकांनी तो दिसला की छत उघडावे हे समजण्यासारखे आहे. परंतु मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे गेला असता, डोक्याला उपरणे गुंडाळून आणि खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडणाऱ्या वऱ्हाडी माणसाने छताला काच असलेली गाडी जादा पैसे मोजून घ्यावी, आणि घेतल्यावर त्या काचेखालचा पडदा जन्मभर ओढून ठेवावा, याची कारणमीमांसा अर्थशास्त्रात सापडणार नाही. अकोल्याच्या एका दालनात हे मी समक्ष पाहिले. विक्रेत्या तरुणाने खालच्या प्रकारातील गाडीची सुरक्षिततेची सर्व कलमे वाचून दाखविली. सहा हवेच्या पिशव्या, ब्रेकची आधुनिक व्यवस्था, सर्व काही. खरेदीदार शेतकरी ऐकत होता, त्याचा मुलगा मोबाइल पाहत होता. मग विक्रेत्याने वरच्या प्रकारातील गाडीत बसून एक बटण दाबले, छत सरकले, आणि शेतकऱ्याच्या नातीने त्यातून डोके बाहेर काढून दालनभर पाहिले. सौदा तेथेच झाला. पुढे त्या झरोक्याचा उपयोग वरातीत नवरदेवास उभे करण्यासाठी, आणि निवडणूक असेल तर कार्यकर्त्यास हात जोडून उभे करण्यासाठी होतो. म्हणजे रामराम घेण्याचे साधन याच सदरात तो मोडतो, आणि त्या दृष्टीने पाहता पैसे वाया गेले असे म्हणवत नाही. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत मात्र तो चुकून उघडा राहिल्यास आत जे भूस साठते ते काढण्याचे यंत्र अजून कोणी गाडीसोबत दिलेले नाही.

पुढारी मंडळींच्या गाड्यांविषयी जपून लिहिलेले बरे. गाडी पांढरी असावी याबद्दल सर्व पक्षांत एकमत आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही विषयावर ते नाही. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. तरीही काळ्या काचा दिसतात, परंतु आत कोण आहे हे न दिसल्यामुळे गुन्हा कोणाचा हे सिद्ध होत नाही. माझा आक्षेप कायद्याचा नाही, तत्त्वाचा आहे. आपण कोण हे कोणास दिसू नये म्हणून काच काळी करावयाची, आणि ते सर्वांस कळावे म्हणून मागच्या काचेवर हातभर अक्षरांत टोपणनाव रंगवावयाचे, यात संगती लागत नाही. ४१४१ या आकड्यांना फाटे फोडून त्यांचा ‘दादा’ करण्याची कला आमच्याकडे फार पुढे गेली होती. उच्च सुरक्षा क्रमांकपाटीने तिच्यावर गदा आणली. ती पाटी बसविण्याच्या हुकमास मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली, आणि प्रत्येक मुदतवाढीबरोबर दादांचे आयुष्यही वाढत गेले.

समृद्धी महामार्गाबद्दल मात्र नाक्यावर दोन तट आहेत. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जोडून तो ७०१ किलोमीटरांचा पुरा झाला. आमच्या मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून तो जातो. शेलू बाजारला वर चढावे आणि ताशी १२० च्या वेगाने पाहिजे तिकडे जावे. दुचाकीस मज्जाव, ट्रॅक्टरास मज्जाव, बैलगाडीचा प्रश्नच नाही. तरुण मंडळी त्यावर बेहद्द खूश आहेत आणि टायरमध्ये साधी हवा भरावी की नायट्रोजन, यावर त्यांच्यात जी चर्चा चालते ती पूर्वी फक्त पेरणीच्या वाणाबद्दल होत असे. तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर घेऊन जाऊ नये, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ते प्रत्येकाने ऐकावे. परंतु माझ्या पिढीच्या गृहस्थांस तो रस्ता करमत नाही. दोन्ही बाजूंस कुंपण, चहाचे खोपटे नाही, ओळखीचे माणूस नाही. नव्या गाडीत बसून इतक्या वेगाने गेलो तर ती कोणाची गाडी हे शेतातल्या माणसाला कळावयाच्या आत आपण पुढल्या तालुक्यात पोहोचलेले असतो. ज्या रस्त्यावर रामराम घालता येत नाही आणि घेताही येत नाही, त्या रस्त्यावर किलोमीटरमागे पैसे मोजून गाडी न्यावी कशासाठी? अगदी निकडीचा दवाखाना असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा मात्र आम्ही सर्व भेद विसरून समृद्धीवरूनच नागपूर गाठतो, आणि परत येताना जुन्या रस्त्याने, थांबत थांबत येतो.

विजेच्या मोटारीने नाक्यापुढे वेगळाच पेच टाकला. आमच्याकडे कोणत्याही गाडीस पहिला प्रश्न एकच: “अ‍ॅव्हरेज काय देते?” या प्रश्नाचे उत्तर आकड्यात येते, त्यावर अविश्वास दाखविता येतो, आणि संभाषण सुरू होते. विजेच्या गाडीच्या मालकाने उत्तर दिले, “एका चार्जिंगला तीनशे.” काही वेळ शांतता पसरली, मग एका बुजुर्गाने कृषिपंपांच्या वाट्याला येणाऱ्या विजेचा आयुष्यभराचा अनुभव एकवटून विचारले, “अन् मंधातच सरलं त टोचन कोन देईन?” तो मालक सज्जन असल्यामुळे गप्प राहिला. शिवाय ही गाडी आवाज न करता येते आणि आवाज न करता जाते, तेव्हा मान वळवावयाची केव्हा, हाही व्यावहारिक प्रश्न आहेच. पेट्रोलवाल्यांची स्थितीही फार समाधानाची नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून अ‍ॅव्हरेज घटल्याची ओरड ज्यांच्या तोंडी आहे त्यांपैकी अनेकांच्या शेतात मका उभा असतो, आणि मक्यापासून इथेनॉल होते म्हणून त्याला चांगला भाव यावा असे त्यांना मनापासून वाटत असते. भाव शेताचा आणि अ‍ॅव्हरेज गाडीचे, दोन्ही एकाच वेळी वाढले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला तर्कदुष्ट वाटत नाही. फक्त सरकारास तो कळविण्याचा मार्ग सापडत नाही.

या सर्व टुमांच्या मधोमध गेली पंचवीस वर्षे एक गाडी चौकोनी आकार न सोडता उभी आहे, आणि ती म्हणजे बोलेरो. २००० साली ती आली. चार मीटरांच्या हुकमाने तिचीही लांबी २०१६ साली कमी झाली, परंतु तिने ती गोष्ट चेहऱ्यावर दिसू दिली नाही. बोटाने चालविण्याचा पडदा इतर गाड्यांत कधीच येऊन जुना झाला. तिच्यात तो अगदी अलीकडे आला, तोही मालकांनी कधी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तिच्या मागील आडव्या बाकांवर गुडघ्यास गुडघा लावून बसताना काळी-पिवळीतील प्रवाशांना माहेरी आल्यासारखे वाटते. ग्रामपंचायतीचा सदस्य, हळदीचा अडत्या, दूध संकलनवाला, पोहरादेवीच्या यात्रेस निघालेले तांड्यावरचे कुटुंब, यांपैकी कोणासही ती शोभते.

आणि मुख्य म्हणजे ती मिस्तरीला समजते. आमचा मिस्तरी बिघडलेल्या इंजिनावर लांब पेचकसाचे टोक टेकवितो, त्याची मूठ कानास लावतो, डोळे मिटतो, आणि कोणते बेअरिंग गेले ते सांगतो. नव्या गाडीचे बॉनेट उघडून त्याने पेचकस टेकविला तर खाली सर्वत्र प्लॅस्टिकचे झाकण लागते. मग गाडी टोचनला लावून मोठ्या शहरी न्यावी लागते. तेथे गणवेशातला तरुण तिला संगणक जोडून ‘सेन्सर’ एवढेच निदान सांगतो, आणि तो सेन्सर गुरुवारी येणार असतो. गुरुवार कोणत्या महिन्यातला हे विचारावयाचे राहून जाते. तेवढे दिवस गाडी नाक्यावरून जात नाही, आणि मालकास बाजारात पायी जाऊन, भेटेल त्याला स्वतःहून रामराम घालावा लागतो. सबब, जिल्ह्यातील सर्वोत्तम मोटार कोणती या प्रश्नावर माझा निवाडा असा की रिसोड, मानोरा किंवा कारंजा यांपैकी कोणत्याही गावी, बाजाराच्या दिवशी, रस्त्याकडेच्या लिंबाखाली जी दुरुस्त होऊ शकते ती. बाकीच्या सर्व दालनात पाहण्यापुरत्या उत्तम.

ज्या वाचकांस येत्या दसऱ्याला सोयाबीन विकून गाडी घ्यावयाची असेल त्यांनी रंग, छत, पडदा यांविषयी घरच्यांचे ऐकावे, त्यात मी पडत नाही. परंतु किल्ली हाती घेऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून बालाजीच्या देवळाकडे गाडी वळविण्यापूर्वी तिची डिकी एकदा स्वतःच्या हाताने उघडून आत स्टेपनी आहे की नाही ते अवश्य पाहावे. हल्ली पुष्कळ गाड्यांत स्टेपनी नसते. तिच्या जागी पंक्चर बुजविण्याच्या औषधाची एक बाटली आणि हवा भरण्याचा लहानसा पंप देतात, आणि आमच्याकडील खड्ड्यात टायर बाजूने फाटला तर त्या बाटलीचा काहीही उपयोग होत नाही.